राख की गोळी

म्हात्रे मॅडमनी माझी पहिली ओळख करून घेतली ती माझ्या शर्टाचा धागा उपटून. नेरूळच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झालो त्या दिवसाची ही गोष्ट. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, खोली घेतलेली कोपरखैरण्याला, आणि नोकरीचा पहिला दिवस म्हणून नवाकोरा निळा शर्ट घालून स्टाफरूममध्ये शहाण्यासारखा बसलो होतो. समोरून जांभळ्या साडीतल्या, ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई आल्या. "नवीन का?" असं विचारता विचारताच त्यांनी माझ्या बाहीचा एक सुटा धागा चिमटीत धरला, खसकन ओढला, पर्समधून काडेपेटी काढली आणि भर स्टाफरूममध्ये तो पेटवला. धागा आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळी टणक गोळी झाली. थंड झाल्यावर ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"कॉटन सांगून विकला ना तुला?" त्या म्हणाल्या. "राख झाली तर आपला, गोळी झाली तर परका. ठेव सांभाळून. तुझ्या नातवालासुद्धा पुरेल."

माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

म्हात्रे मॅडम प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या आणि मुलं त्यांना पाठीमागे 'गोळी मॅडम' म्हणत. पाठीमागे हा आपला शिष्टाचार. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. कापड दिसलं की त्यांच्या बोटांना राहवत नसे. प्राचार्यांच्या केबिनचे पडदे, शिपायाचा गणवेश, पालकसभेला आलेल्या बायकांचे दुपट्टे, सगळ्यांची अग्निपरीक्षा झालेली. एका स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्यांना शाल मिळाली, तर त्यांनी व्यासपीठावरच तिची दशी काढून काडी लावली. "गोळी," असं माईकमधून जाहीर केलं आणि शाल पाहुण्यांच्याच खांद्यावर घालून खाली उतरल्या. वाशीच्या दोन साडीच्या दुकानांत त्यांना बघून गडी आधी पंखा चालू करायचा, काडी विझावी म्हणून.

यामागचं कारण त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पाच मिनिटांत सांगत. नायलॉन, पॉलिस्टरचं कापड धुतलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ते मोरीतून गटारात, गटारातून नदीत, नदीतून खाडीत जातात. पिशव्या, बाटल्या उन्हात पिचून त्यांचा भुगा होतो तोही त्यातच. कुजायचं कुणालाच ठाऊक नाही. मग माशाला वाटतं खाऊच आहे. "आपला बनियन बोंबील खातो आणि बोंबील आपण खातो," त्या म्हणत. "घरचं घरात राहतं." पुढच्या बाकावरची मुलं त्या दिवशी डबा खात नसत.

शिकवताना त्यांची मराठी पुस्तकातली असायची. राग आला किंवा फार आनंद झाला की मात्र त्या थेट आपल्या आगरी बोलीत उतरत. त्यांचं माहेर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आगरी गावात. कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडून जे पाणी वाहतं त्याच्या काठावर ते गाव आहे. हे पाणी डोंगरातून निघतं आणि सेक्टरांच्या मधून वाट काढत खाडीला मिळतं. नकाशात त्याला नाला लिहिलंय, रिक्षावाले नाला म्हणतात, आणि वासावरून विचाराल तर मीही नालाच म्हणायचो. मॅडमनी लहानपणी त्यात चिंबोऱ्या पकडलेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी ती नदी.

"नाल्यापाशी सोडू का?" असं एखाद्या रिक्षावाल्याने विचारलं की संपलं. "नाला तुझ्या घरी असंल," मॅडम कडाडत. "पानी मोठा असला की नदी आनि गरीब जाला की नाला, होय रे? तुझा बापूस गरीब जाला तं तुझा काका होल क?" रिक्षावाला बिचारा बिहारचा असायचा. तो मीटर बघत बसायचा.

या नदीवर स्लॅब टाकायचा घाट घातला गेला होता. गावात गाड्या झाल्या उदंड, लावायला जागा नाही, तेव्हा वरून काँक्रीट ओतून पार्किंग करायचं. नाला असेल तर झाकता येतो. नदी झाकायची म्हटली की चार लोक चार प्रश्न विचारतात. म्हणून नाला की नदी यावर सगळं अडलं होतं, आणि स्लॅबच्या बाजूने गावाची पुढारीपणाची टोपी ज्याने घातली होती तो जनार्दन पाटील, म्हणजे जनाशेठ, मॅडमचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचे टेम्पो होते. ते गल्लीत उभे करावे लागत आणि रोज कुणीतरी त्यांना घासून जाई. म्हणजे माणूस काही वाईट नव्हता, त्याला फक्त सपाट जागा हवी होती.

भावाबहिणीचं भांडण मात्र कापडावरून. दर भाऊबीजेला जनाशेठ साडी आणायचा आणि मॅडम ओवाळायच्या आधी तिची दशी निरांजनावर धरायच्या. एकदा मीही तिथं जेवायला होतो. गोळी झाली.

"यंदापन प्लास्टिक आनला, जना?"

"बाय, दुकानदार कॉटन बोलला!"

"दुकानदार बोलला आनि तू आयकला. तुना नदी नाला वाटते, तुना कॉटन काय समाजनार?" असं म्हणून त्याला ओवाळलं, पोटभर पुरणपोळी वाढली आणि साडी परत पाठवली. दरवर्षीचा हा कार्यक्रम. त्याची बायको आधीच आपल्याला हव्या त्या रंगाची साडी मागून घ्यायची म्हणे, कारण ती फिरून तिच्याकडेच येणार हे ठरलेलं.

स्लॅबची सुनावणी लागली तेव्हा मॅडमनी कंबर कसली. नदीचं पाणी जागोजागी घ्यायचं, त्यातलं मायक्रोप्लास्टिक शोधायचं, आणि दाखवून द्यायचं की या पाण्यात माशांचं अजून येणंजाणं आहे, त्यांच्या पोटात काय जातंय ते बघा, ही जिवंत नदी आहे, हिच्यावर झाकण घालू नका. रसायनं लागणार म्हणून मला जुंपलं. पाणी गाळायची नेहमीची जाळी नायलॉनची, ती बाद. त्याऐवजी भांड्यांच्या दुकानातून बारीक स्टीलची चाळण आणली. प्लास्टिकच्या बाटल्या बाद, लोणच्याच्या काचेच्या बरण्या घासून घेतल्या. मुलांना सुती कोट. माझा स्वेटर त्यांनी अंगावरून काढून घेतला आणि प्रयोगशाळेबाहेर एका खिळ्याला टांगला. पेनं बाद, पेन्सिली वापरा. काही म्हणजे काही चूक राहू द्यायची नाही.

आणि स्वतः मॅडम दर वेळी नदीत उतरायच्या त्या जांभळ्या साडीत. काष्टा घालून, गुडघाभर पाण्यात. ती त्यांच्या आईने दिलेली रेशमी साडी. आई टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकायची. मुलगी प्राध्यापक झाली तेव्हा तिने ही घेऊन दिली. मी एकदा म्हणालो, मॅडम, एवढी चांगली साडी या घाणीत कशाला? तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना अनवाणी लग्नाला जायला सांगितलं.

"शिंदे, नदी म्हंजे माझा माहेर," त्या म्हणाल्या. "माहेरी जाताना बाई गाऊन घालून जाते क?"

नमुने तपासायला घेतले आणि मॅडमच्या अंगात आलं. प्रत्येक बरणीत जांभळा तंतू. खाडीच्या तोंडाशी जांभळा, पुलाखाली जांभळा, थेट डोंगराच्या पायथ्याशी, जिथं वर फक्त दगड आणि करवंदं आहेत, तिथंही जांभळा. तापल्या सुईचं टोक लावलं की तो गुंडाळी होऊन वितळायचा, म्हणजे प्लास्टिकच. मॅडमना स्वच्छ दिसलं की वरच्या अंगाला कुणीतरी चोरून कापड रंगवतंय. हा एक चोर पकडला की सुनावणीत दुसरं काही बोलायलाच नको.

मग आम्ही दोघं जांभळा चोर शोधायला निघालो. त्या पुढे, मी मागे चाळण घेऊन. दोन शिंपी झाले, एक गादीवाला झाला. शेवटी एका मंडप डेकोरेटरच्या गोदामाबाहेर जांभळे पडदे वाळत घातलेले दिसले आणि मॅडमनी "घावला!" म्हणून आरोळीच ठोकली. काडेपेटी निघाली. या वेळी धागा नीट तुटला नव्हता, त्यामुळे धाग्याबरोबर पडद्यानेही पेट घेतला. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो की आग लागली तर घाबरून पळू नये. त्या दिवशी मी पळालो. मॅडमनी निदान पायातली चप्पल काढून पडदा बडवून विझवला, डेकोरेटरला चार शिव्या दिल्या, त्याच्या चार घेतल्या, आणि गोळी रुमालात बांधून आणली. पण सूक्ष्मदर्शकाखाली रंग जुळेना. पडद्याचा जांभळा तांबूस, पाण्यातला निळसर.

"म्हंजे दुसरा कोनतरी हाय," मॅडम म्हणाल्या. "पन लांब नाय, जवलच हाय."

हे मात्र खरं निघालं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही प्रयोगशाळेत शेवटची तपासणी करत होतो. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या. समोरच्या काचेच्या बशीत नदीचं पाणी नव्हतंच. भांडी विसळायचं शुद्ध पाणी होतं, चुकून भिंगाखाली आलेलं. त्यातही जांभळा तंतू. त्यांनी डोळा बाजूला केला, बशीकडे साध्या डोळ्यांनी बघितलं. बशीला टेकून त्यांचा पदर लोंबत होता. बराच वेळ त्या पदराकडे आणि बशीकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मी उगीच एक नळी धुतली.

"शिंदे, काडेपेटी दे."

"मॅडम, रेशीम आहे ते," मी म्हणालो.

"दे म्हंतंय ना."

जगातल्या सगळ्या कापडांना काडी लावलेल्या या बाईने ही एक साडी कधी तपासली नव्हती. आईने दिलेल्या साडीचा धागा कोण उपटतं? त्यांनी पदराच्या टोकाचा एक धागा हलकेच काढला. काडी लावली. रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास आला असता आणि बोटांत चुरून जाईल अशी राख झाली असती. धागा आक्रसला, वितळला, आणि टोकाला जांभळटकाळी गोळी झाली. मॅडमनी ती दोन बोटांत फिरवून बघितली. दाबून बघितली.

"गोळी," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात तो शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

प्राचार्यांना कळवलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. मग बसून गोड आवाजात म्हणाले, मॅडम, जांभळे तेवढे वगळा ना, बाकीचे रंग वाचून दाखवा, पुष्कळ आहेत. मलाही तेच वाटत होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. निळे होते, पांढरे होते, पिशव्यांचे तुकडे होते. मॅडमनी आम्हा दोघांकडे नापासाच्या पेपरकडे बघावं तसं बघितलं.

"आणि निळे कुणाचे?" त्या म्हणाल्या. "माझ्या पदराने जांभळं टाकलं म्हणजे निळं शिंदेच्या बाहीने टाकलं नसेल कशावरून? नुसत्या शुद्ध पाण्याची एकही बशी शेजारी कोरी ठेवून बघितली नाही आपण, आपल्या अंगावरचं किती पडतं ते कळायला. सगळे नमुने वाया. परत सगळं घ्यायला हवं."

"पण सुनावणी उद्या आहे, मॅडम."

"मग उद्या हेच सांगायचं."

आणि सांगितलं. त्या दिवशी त्या पांढऱ्या सुती साडीत आल्या होत्या. हॉलमध्ये एका बाजूला आम्ही मूठभर, दुसऱ्या बाजूला जनाशेठ आणि निम्मं गाव. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नाव पुकारलं. मॅडम उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझा अहवाल मी मागे घेते. पाण्यात प्लास्टिक सापडलं, पण त्यात माझ्या साडीचं किती आणि नदीचं किती हे मला आज सांगता येणार नाही. मला मुदत द्या, मी सुती कपड्यांत परत नमुने घेते."

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. जनाशेठ उठला. "साहेब, बायनं सोताच सांगला, घान तिचीच हाय. आथा कशाला थांबायचा? टाका स्लॅब." टाळ्या पडल्या. मुदत मिळाली नाही.

बाहेर जिन्यावर जनाशेठ आमच्या मागून आला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा. "बाय, तू गप रायली असतीस तं कोनाला समाजला नसता," तो म्हणाला.

"मना समाजला ना. बस जाला." मॅडम एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. "पन जना, आयला कोनी रं फसवला? कनच्या दुकानदारानं तिला रेशीम सांगून नायलॉन दिला?"

जनाशेठने इकडेतिकडे बघितलं. "कोनी नाय फसवला. मीच व्हतो तिच्या संगती. आयला ठाव व्हता. ती बोलली, पोर शिकलेली हाय, परफेसर जाली. नायलॉन सांगला तं नेसाची नाय. रेशीम सांगू."

मॅडम अशा हसल्या की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. हसता हसता कठड्याला धरून पायरीवरच बसल्या. चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे," त्या मला म्हणाल्या, "सगळ्या जगाचं कापड तपासलं मी, आणि एक मच्छीवाली मला आयुष्यभर रेशीम म्हणून नायलॉन नेसवून गेली. आय ती आयच." डोळे त्या पुसतच होत्या. त्यातलं हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती हे मला सांगता येणार नाही.

खरं बोलल्यामुळे नदी वाचली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. एका स्थानिक पेपरात 'नदी की साडी?' असा मथळा आला, मुलांनी त्यावर मोबाइलवर काय काय फिरवलं ते विचारू नका. मॅडमनी ते कात्रण स्वतः प्रयोगशाळेच्या दारावर डकवलं. स्लॅब पडला, पहिल्या वळणापर्यंत. तिथं आपल्याकडची कामं थांबतात तसं तेही काम थांबलं, आणि वळणापलीकडची नदी उघडी राहिली. जनाशेठचे टेम्पो आता स्लॅबवर ऐटीत उभे असतात. मॅडम मात्र सुती नऊवारीत उघड्या भागात उतरायच्या, चाळण घेऊन. या वेळी शेजारी एक कोरी बशी ठेवलेली असे. "माझी झडती," असं त्या तिला म्हणत.

जांभळ्या साडीचं काय करायचं हा मोठाच प्रश्न झाला. नेसणं शक्य नव्हतं. बोहारणीला द्यावी तर ती कुणाला तरी विकणार, ती बाई धुणार, पुन्हा नदी. कचऱ्यात टाकली तरी उडून नदी. जाळावी तर धूर आणि ती गोळी, साडीभर गोळी. "टाकायला जागाच नाही, शिंदे," त्या म्हणाल्या. "पृथ्वीवर 'बाहेर' असं काही नसतंच. मोठी बरणी आण." मी आणली. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात, पट्टकृमी आणि दोन डोक्यांचं करडू यांच्या मधोमध, काचेच्या बरणीत साडीची घडी बंद झाली. इतर बरण्यांवर असते तशीच चिठ्ठी मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लावली: 'नाव: रेशीम (खोटं). आढळ: सर्वत्र. अन्न: लागत नाही. शत्रू: नाही. आयुष्य: तुमच्यापेक्षा जास्त.' आणि खाली बारीक अक्षरात: 'देणगी: आई.'

पाहुणे यायचे, वाचायचे, हसायचे. मॅडम त्यांना बजावून सांगायच्या, "माझ्या मढ्यावर कुणी नायलॉन टाकलं तर उठून बसेन. आधीच सांगून ठेवते, नंतर घाबरू नका."

निवृत्तीनंतर दोन पावसाळेही झाले नसतील. सकाळी चहा करताना मॅडमच्या छातीत दुखलं आणि तिथंच संपलं. त्यांचे यजमान म्हात्रेसाहेब आधीच गेलेले, मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून न्यायचं थांबवलं होतं. मी निघणार तोच जनाशेठचा फोन आला. "सर, कालेजात या. ती बरनीतली साडी देता क? आयची हाय."

बाई गेली की माहेरची साडी भावाने आणायची, ही रीत. ती अंगावर घातल्याशिवाय तिला न्यायचं नाही. जनाशेठला वाटलं, आईचीच साडी असताना दुसरी कशाला? मला ते नाकारवेना आणि देववेनाही. मी नुसतं संग्रहालयाचं दार उघडलं. तो बरणीसमोर उभा राहिला. त्याने ती कधी बघितलीच नव्हती. शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली. 'देणगी: आई' पाशी अडकला.

"घेऊ क नको, सर?" त्याने विचारलं.

"मॅडमना काय वाटलं असतं?" मी म्हणालो.

त्याने बरणीवर पालथा हात ठेवला आणि काढून घेतला. "राव दे. खाडीत गेली तं बाय मना सोडाची नाय." दारापर्यंत जाऊन परत फिरला. "सर, तिची ती काडेपेटी हाय क हितं?" ती मॅडमच्या जुन्या खणात होती. घेऊन गेला.

मी मॅडमच्या बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा नात्यातल्या बायका जमलेल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी आणि पिशवीत मॅडमच्या अंगावर घालायला आणलेली चकचकीत साडी. जनाशेठ उशिरा आला, घामाने निथळत. त्याच्या हातात सुती साडी होती, लाल काठाची, आणि तिची एका बाजूची दशी जागोजागी जळलेली. किती दुकानं फिरला, कुणाकुणाच्या गल्ल्यासमोर काड्या ओढल्या, देव जाणे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बहिणीला राख होणारी साडी आणली होती. ती त्याने तिच्या अंगावर घातली. तिच्या केसांतला प्लास्टिकचा चाप स्वतः काढला, चष्मा काढून खिशात ठेवला. आणि मग काडेपेटी घेऊन दाराशी उभा राहिला.

येईल त्या साडीची दशी काढायची, काडी लावायची. गोळी, बाजूला. गोळी, बाजूला. रांगच लागली. एक म्हातारी मावशी चिडली. "आरं मेल्या, बहीन पडलीय आनि तू काड्या कसल्या लावतंस?"

"बाय उठून बसंल, मावशे," तो म्हणाला. "तुना पायजे क?"

मावशीने मुकाट्याने पदराआड पिशवी सरकवली. एक शेजारीण सुती लुगडं घेऊन आली होती. त्याची राख झाली तेव्हा रडत असलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींनी "झाली, झाली" असं म्हटलं, जणू काही कुणी पास झालं. बाजूला काढलेल्या साड्यांचा ढीग जनाशेठने टेम्पोत टाकला. तो ढीग अजून टेम्पोतच आहे. कुठे टाकायचा ते त्यालाही कळत नाही आणि मलाही. मध्ये एकदा विचारत होता, सर, त्याहून मोठी बरनी मिळंल क?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावडायला गेलो. येताना त्याने कॉलेजातून मॅडमची स्टीलची चाळण मागवून घेतली होती. अस्थी वेचून मडक्यात घातल्या, भटजी हात धुऊन बाजूला झाले, तरी हा उकिडवा बसून उरलेली राख मूठमूठ घेऊन चाळत राहिला. मागून कुणीतरी विचारलं, शेठ, सोन्याचं काही राहिलंय का? त्याने वर बघितलं नाही. नदीत सोडायच्या आधी त्याला खात्री करून घ्यायची होती. शेवटची मूठ चाळून झाली. चाळणीवर कोळशाचे दोनचार खडे राहिले. त्याने ते एकेक करून बोटांत चुरडून बघितले. सगळे चुरले.

मग त्याने चाळण माझ्यापुढे धरली.

"बगा सर, एकपन गोळी नाय," तो म्हणाला. "सगली राख. आपलीच व्हती बाय."

एवढं बोलून तो रडायला लागला, आणि मीही.